दारावरचा कडुलिंबाचा डहाळा

गुरुवारी संध्याकाळी पोरीला ट्यूशनला सोडायला गेले होते. तिथं एका मुलीची आई सहज बोलून गेली, "तुमच्यात सगळं ठीक आहे न्हवं? रविवारी जिचा वाढदिवस झाला तिला कांजण्या आल्यात की. सोमवारपासनं."

सोमवारपासनं. आणि मला कळत होतं गुरुवारी.

त्या वाढदिवसाला राजारामपुरीत आमची पोरगी तीन तास होती. ती एकटीच असती तर मी एवढी घाबरले नसते. पण तिला आणायला माझी धाकटी जाऊ गेली होती, तिला सातवा महिना. घरच्यांनी आग्रहानं बसवून घेतलं म्हणून ती केक खात तासभर त्याच खोलीत बसली, वाढदिवसाच्या मुलीनं तिला स्वतःच्या हातानं केक भरवला. आणि आमच्या घरात वरच्या मजल्यावर आबा आहेत, माझे चुलत सासरे. त्यांची केमो चालू आहे. डॉक्टरांनी त्यांना सर्दी झालेल्या माणसाच्या शेजारीसुद्धा बसू नका म्हणून बजावलंय.

मी तिथंच दुचाकीवर बसून बोटांवर दिवस मोजले. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. चार दिवस गेलेले.

हे मोजणं का महत्त्वाचं, ते मलाही त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं. आपल्याला वाटतं, लागण झाली की नाही ते दिसेल, दिसलं की बघू. पण संपर्कानंतर जे काही करता येतं, ते दिसायच्या आधीच करायचं असतं. कांजण्यांची लस संपर्क आल्यापासून तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत दिली तर आजार टळू शकतो, नाहीतर निदान हलक्यावर जातो. अंगावर फोड यायला मात्र दहा ते एकवीस दिवस लागतात. म्हणजे फोडांची वाट बघत बसलं तर लसीची वेळ कधीच निघून गेलेली असते.

आमच्या डॉक्टरांना आधी फोन केला, थेट दवाखान्यात गेले नाही. हेही मी मुद्दाम सांगते. संशय असलेलं मूल उचलून ओपीडीच्या बाकावर नेऊन बसवायचं आणि शेजारी कुणाचं पंधरा दिवसांचं बाळ, कुणाची गरोदर सून, हे आपण सगळ्यांनी केलंय. फोनवर सांगितलं तर डॉक्टर वेगळी वेळ देतात, मागच्या दारानं घेतात. आमच्यांनी शेवटची वेळ दिली, सगळे पेशंट गेल्यावर.

पोरीचं लसीचं कार्ड काढलं. कांजण्यांचा एक डोस झालेला, दुसरा राहून गेलेला. ही लस सरकारी लसीकरणात नाही, स्वतःच्या पैशानं घ्यावी लागते, महाग आहे, आणि "नंतर देऊ" म्हणत आमचाही डोस राहिला तो राहिलाच. त्याच रात्री तो दिला. चौथा दिवस होता.

जावेची गोष्ट वेगळी. ही जिवंत विषाणूची लस, गरोदरपणात देत नाहीत. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "तुम्हाला लहानपणी कांजण्या झाल्या होत्या का?" तिला आठवेना. तिनं गडहिंग्लजला आईला फोन लावला, स्पीकरवर. आई म्हणाली, "गोवर झाला होता गं तुला, दुसरीत असताना. कांजण्या... तुझ्या भावाला आल्त्या. तुला आल्त्या का न्हाई, काय ध्यानात येईना बाई." आणि मग ती माऊली फोनवर रडायलाच लागली, जणू न आठवणं हा तिचाच गुन्हा.

मग रक्ताची तपासणी. शरीरात कांजण्यांविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे त्या आजाराशी लढणारे रक्तातले घटक, आहेत का, एवढंच त्यात बघतात. असली तर काळजीचं कारण नाही. नसली तर गरोदर बाईला तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन लवकरात लवकर, दहा दिवसांच्या आत द्यावं लागतं. कारण गरोदर बाईला कांजण्या झाल्या की न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतं. आणि बाळंतपणाच्या अगदी तोंडावर, म्हणजे पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईला फोड आले तर बाळाच्या जिवाला धोका असतो. हे ऐकून माझी जाऊ एक शब्द बोलली नाही. घरी येईपर्यंत तिनं एक हात पोटावरून काढला नाही.

रिपोर्ट शनिवारी मिळाला. मधल्या दोन रात्री ती झोपली नाही, मीही नाही. पहाटे चारला मी पाणी प्यायला उठले तर ती अंधारात स्वयंपाकघरात बसलेली. म्हणाली, "ताई, मी केक नको म्हणाले असते तर?" मी तिला काय सांगणार? केकनं काही झालं नसतं आणि टळलंही नसतं. कांजण्या हवेतून पसरतात, त्या खोलीत समोरासमोर बसणं पुरेसं होतं.

शनिवारी रिपोर्ट आला. प्रतिपिंडं होती. लहानपणी होऊन गेल्या होत्या, कुणाच्या ध्यानात नव्हत्या इतकंच.

आता आबांचं. ते वाढदिवसाला नव्हते, त्यामुळं त्यांना अजून काही झालेलं नव्हतं. पण पोरीला लागण झाली असेल तर ती आठव्या दिवसापासून दुसऱ्याला देऊ शकते असं धरून चालायचं, डॉक्टर म्हणाले. फोड उठायच्या एक-दोन दिवस आधीच माणूस आजार पसरवायला लागतो, हेच कांजण्यांचं सगळ्यात अवघड. पोरगी उड्या मारतीय, जेवतीय, ताप नाही, आणि तरीही. म्हणून सातव्या दिवशी, रविवारी, आबांना कागलला त्यांच्या लेकीकडं पोचवलं. केमोची फाईल, औषधं, त्यांची उशी, सगळं. जाताना पोरीनं खिडकीतून हात केला. आबांनी खाली उभं राहून तिला विचारलं, "मी परत आल्यावर पाढे म्हणून दाखवशील न्हवं?"

पंधराव्या दिवशी सकाळी केस विंचरताना मला तिच्या कानामागं फोड दिसला. पाण्याचा थेंब ठेवल्यासारखा, भोवती लाल. मग पोटावर चार, पाठीवर पाच-सहा. लसीमुळं एकूण वीस-बावीसच आले, ताप एक दिवस. नखं कापली, रोज अंघोळ घातली, तापाला फक्त पॅरासिटामॉल. ऍस्पिरिन अशा वेळी मुलांना द्यायचं नसतं, त्यानं यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. आयबुप्रोफेनही नको म्हणाले. सगळ्या फोडांना खपल्या धरेपर्यंत घरात. सहाव्या दिवशी शेवटची खपली धरली.

तेव्हा आबा कागलला होते. मला गुरुवारी न कळता पुढच्या आठवड्यात कळलं असतं तर आबा त्याच घरात, तीच पोरगी त्यांच्या मांडीवर. मला हे लिहितानासुद्धा कसंतरी होतंय.

मी त्या वाढदिवसाच्या मुलीच्या आईवर चिडले होते, खोटं कशाला बोलू. पण मग मी तिला फोन केला. रविवारी तिलाही माहीत नव्हतं, मुलीचं अंग थोडं कोमट होतं, धावपळीनं असेल असं वाटलं. यात तिची चूक नाही, माझ्या हातूनही हेच झालं असतं. सोमवारी सकाळी फोड दिसले. मग चार दिवस का सांगितलं नाही? ती म्हणाली, "सगळे म्हणतील, तुझ्या घरी येऊन आमच्या पोरांना झालं. सासूबाई म्हणाल्या, कशाला गाजावाजा, होतंच पोरांना." आणि मला आठवलं, चार वर्षांपूर्वी माझ्या पोरीला हात-पाय-तोंडाचा आजार झाला होता, तेव्हा मीही बालवाडीत "जरा सर्दी आहे" म्हणून चिठ्ठी दिली होती. कुणाच्या घरात तेव्हा कोण होतं, मी विचारलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. संपर्क आला असेल तर पहिलं काम औषध नाही, काढा नाही, कापूर-लवंगेची पुडी तर नाहीच. पहिलं काम म्हणजे सांगणं. आणि ते त्याच दिवशी. आपल्या घरात कोण कमजोर आहे ते आपल्याला माहीत असतं, समोरच्याच्या घरात कोण आहे ते नसतं.

गोवरात तर याहून घाई असते. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीत गोवराची साथ आली आणि लहान मुलं गेली, तेव्हा आपण टीव्हीवर बघितलं आणि विसरलो. गोवर झालेलं मूल खोलीतून निघून गेलं तरी दोन तासांपर्यंत विषाणू त्या हवेत राहू शकतो. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून ते दुसऱ्याला देतं. लस न झालेल्याचा संपर्क आला तर ७२ तासांत लस दिल्यास उपयोग होतो. त्यासाठी फार लहान असलेल्या बाळांना आणि गरोदर बायकांना सहा दिवसांच्या आत प्रतिपिंडांचं इंजेक्शन देता येतं. बहात्तर तास म्हणजे तीन दिवस. आपले तर "सांगू का नको" यातच जातात. गोवर-रुबेलाची लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे, एक डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. घरातलं कार्ड आज काढून बघा.

आणि टीबी. इथं घाई तासांची नाही, पण लपवणं सगळ्यात जास्त. इचलकरंजीत आमच्या नात्यातल्या एका घरी यंत्रमागावर काम करणाऱ्या दादांना टीबी निघाला. घरच्यांनी त्यांची कप-बशी वेगळी केली, ताट वेगळं केलं, अंथरूण जिन्याखाली टाकलं. त्यांच्या मांडीवर खेळणाऱ्या तीन वर्षांच्या नातवाची तपासणी मात्र कुणी केली नाही. टीबी कपबशीतून पसरत नाही. तो खोकल्यातून, बंद हवेतून पसरतो, आणि औषध नीट सुरू झालं की साधारण दोन आठवड्यांत पसरण्याची शक्यता खूप कमी होते. ताटानं त्या माणसाचं मन मोडलं, बाकी काही झालं नाही. करायला हवं होतं ते हे, की घरातल्या सगळ्यांची तपासणी, आणि आजार नसेल त्यांना, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांना, टीबी होऊ नये म्हणून प्रतिबंधक गोळ्या. या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. नातवाला सहा महिन्यांनी मानेत गाठ आली तेव्हा त्याची तपासणी झाली. आता तो बरा आहे, पण त्याला सहा महिने औषध घ्यावं लागलं.

मला सारखी माझ्या आजीची आठवण येत होती. तिच्या लहानपणी आमच्या गावात कुणाला देवी आल्या, गोवर आला, की दारावर कडुलिंबाचा डहाळा लावत. घरात फोडणी नाही, तळण नाही, मोठ्यानं बोलणं नाही. आम्ही शिकलेली माणसं त्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळी झालो. पण त्या डहाळ्यात एक गोष्ट होती. रस्त्यानं जाणाऱ्याला कळायचं, ह्या घरात आजार आहे. लेकुरवाळी तिथूनच माघारी वळायची. घरच्यांना लाज नव्हती, उलट मान होता, आई घरात आलीय म्हणून. देवीचा रोग गेला, १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला, तो लसीनं गेला आणि घरोघर जाऊन "तुमच्यात कुणाला फोड आलेत का" विचारणाऱ्या, आणि खरं उत्तर देणाऱ्या माणसांमुळं गेला. आमच्या कोल्हापुरात आषाढात अख्खी पेठ टेंबलाईदेवीला पंचगंगेचं पाणी घालायला वाजतगाजत जाते, रोगराई येऊ नये म्हणून. पेठ म्हणून मागणं मागणारे आपण, आजार आला की मात्र घरापुरतं दार लावून घेतो.

म्हणून पंधराव्या दिवशी फोड दिसल्यावर मी तासाभरात वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं. जसं लिहिलं तसं देते, कुणाला उपयोगी पडलं तर उचला:

"माझ्या मुलीला आज सकाळी कांजण्या निघाल्या आहेत. ती शनिवारी-रविवारी ज्यांच्याबरोबर खेळली त्यांनी कृपया लक्ष द्यावं. घरात गरोदर बाई, नवजात बाळ, केमो किंवा स्टेरॉइड चालू असलेलं कुणी असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा, वाट बघू नका. लसीचा एकच डोस झाला असेल तर दुसऱ्याबद्दल विचारा. माझा फोन चालू आहे."

दोघींनी अंगठा दाखवला. एकीनं वेगळा फोन करून सांगितलं की एवढं उघड लिहायला नको होतं, पोरीला पुढं त्रास होतो. आणि एकीनं रात्री दहाला विचारलं, "स्टेरॉइड म्हणजे दम्याच्या पंपातलं पण का?" तिला मी डॉक्टरांना विचारायला सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी जाऊन आली.

गल्लीत मात्र मी पायी फिरले. शनिवारी आमच्या दारात पाच पोरं खेळत होती. चौथ्या घरात चार महिन्यांचं बाळ आहे. आत गेले नाही, उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं. बाळाच्या आईला लहानपणी कांजण्या झाल्या होत्या, म्हणजे आईची प्रतिपिंडं बाळाला असण्याची शक्यता बरीच, तरी डॉक्टरांना विचारा म्हटलं. बाळाची पणजी ओसरीवर बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सांगिटलीस ते लई बरं झालं बघ. न्हाई तर कोण सांगतंय आता."

दुपारी दार वाजलं. उघडलं तर कुणी नाही. कडीला कडुलिंबाचा डहाळा अडकवलेला, ओला, नुकताच तोडलेला.

आबा महिन्यानं परत आले. जिना चढताना त्यांनी तो वाळलेला डहाळा बघितला, हातानं सोडवला, आणि पोरीला म्हणाले, "ये, आता बारापासनं सुरू कर."