पाणी खासगी व्हायचं तेव्हा होईल, वैताग कधीच खासगी झालाय

"देऊन टाका एकदाचं कंपनीला. पैसे घेतील, पण पाणी तरी देतील." हे वाक्य हल्ली सोलापुरात कुणाच्याही तोंडी ऐकू येतं. बँकेत माझ्या शेजारच्या काउंटरवर ऐकू येतं, रिक्षात ऐकू येतं, परवा तर लग्नाच्या पंगतीत ऐकलं. म्हणणाऱ्यांचा मला राग येत नाही. जिथे नळाला तीन-चार दिवसांनी पाणी येतं, हद्दवाढ भागात त्याहून उशिरा, कधी पहाटे तीनला तर कधी भर दुपारी, तिथे माणूस कशालाही 'हो' म्हणेल.

पण मला त्यांना एक विचारायचंय. मालक, आणखी किती खासगी करायचं राहिलंय?

आमच्या जुळे सोलापुरात कुठल्याही घरात या. जमिनीखाली हौद, हौदावर मोटर, गच्चीवर दोन काळ्या टाक्या, अंगणात बोअर, बोअरचं पाणी क्षारांनी जड म्हणून स्वयंपाकघरात आरओ. पाणी साठवणं, वर चढवणं, गाळणं ही कामं ज्यांनी करायची त्यांच्यासाठी आपण पाणीपट्टी भरतो, आणि ती कामं पुन्हा स्वतःच्या खिशातून करतो. पट्टी वर्षाची. पाणी वर्षात किती दिवस आलं, हे ती पट्टी विचारत नाही. मोटरचं वीजबिल वेगळं. आणि मोटर थेट नळाला लावणारे महाभाग प्रत्येक गल्लीत आहेत, ते शेजारच्याच्या वाट्याचं पाणी ओढतात. सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही, कारण उन्हाळ्यात बोलणाराही तेच करतो.

हे झालं ज्यांच्याकडे जागा आणि पैसा आहे त्यांचं. मी लहानाची मोठी झाले पूर्व भागात, साखर पेठेच्या अलीकडे. तिथे दोन खोल्यांच्या घरात हौद कुठे खणणार? पिंपं, घागरी, बादल्या, मिळेल ते भरून ठेवायचं. आमच्या शेजारच्या अक्का अजून विड्या वळतात. पाणी येणार म्हणून घरी थांबल्या तर कारखान्यात विड्या द्यायला उशीर, म्हणजे पुढचा पान-तंबाखू मिळायला उशीर, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. आणि गेल्या तर घरात पिंपं कोरडी. पाण्याची ही किंमत कुठल्याच बिलात येत नाही. पाणी अवेळी येतं तेव्हा ते बायकांच्या झोपेतून आणि मजुरीतून वसूल होतं. त्याला सरकारी पाणीपुरवठा म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणायचं.

बरं, जारचा हिशेब करून बघा. वीस लिटरचा जार वीस रुपयांना धरला, तरी हजार लिटरचे हजार रुपये झाले. कुठल्याही कंपनीने हा दर निविदेत लिहिला तर आपण मोर्चा काढू. जारवाल्याला मात्र 'भैय्या, उद्या दोन ठेवा' म्हणतो.

आता मूळ मुद्दा. पाणी आहे की नाही?

बँकेत आयुष्य आकडेमोडीत गेलंय, त्यामुळे ही सवय सुटत नाही. सोलापूरला पाणी देणारं भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. एकूण साठा ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), त्यात उपयुक्त साडेत्रेपन्न आणि मृत साठा ६३ टीएमसीच्या वर. जिवंतापेक्षा मृत पाणी जास्त असलेलं हे धरण. उपयुक्त साठा संपून मृत साठ्याला हात लागला की धरण 'उणे' झालं म्हणायचं, म्हणून आपल्याकडे 'उणे' टक्क्यांची भाषा रुळली. २०२३ चा पावसाळा दगा देऊन गेला, २०२४ च्या जानेवारीतच धरण उणेमध्ये उतरलं आणि जूनमध्ये उणे साठ टक्क्यांच्या घरात पोचलं. (म्हणजे मृत म्हणून घोषित केलेलं पाणी आपण काही महिने प्यालो. तब्येत ठीक आहे.) मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण भरलं. भीमेला पाणी सोडावं लागलं. नळाला रोज पाणी आलं का? नाही. धरण भरलेलं असो की तळ दिसत असो, फरक पडतो तो बातमीच्या मथळ्यात. नळाच्या वेळापत्रकात एखाद्या दिवसाचा.

एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. उजनीच्या जुन्या पाइपलाइनच्या जोडीला आखलेल्या समांतर जलवाहिनीची क्षमता रोजची १७ कोटी लिटर धरली आहे. कॅल्क्युलेटर काढा. एक टीएमसी या शहराला साडेपाच महिने पुरतं. वर्षाला सव्वादोन टीएमसी. ११७ टीएमसीच्या धरणातून सव्वादोन.

आणि आजवर ते आपल्यापर्यंत कसं यायचं? १९९८ ला झालेली उजनीची पाइपलाइन आहे, ११० किलोमीटरची. हिप्परग्याचा तलाव आहे, १८७१ सालचा, इंग्रजांनी बांधलेला. तिसरा स्रोत भीमेकाठचं टाकळी. टाकळीला उपसा व्हावा म्हणून भीमेवरचा औज बंधारा भरायचा, आणि तो भरायला उजनीतून भीमेच्या पात्रात पाणी सोडायचं. एका वेळेला पाच-सहा टीएमसी. ते पंढरपूरला विठोबाचे पाय धुऊन, दोनशे किलोमीटरहून जास्त वळसे घेत येतं. वाटेत उन्हाने जातं, वाळूत मुरतं, दोन्ही काठांवरच्या मोटारी ओढतात, आणि उरलंसुरलं औजला. कागदावर सगळं 'सोलापूर शहराच्या पिण्यासाठी'. दोन वर्षांचं पिण्याचं पाणी एका आवर्तनात वाहून जातं आणि आपल्या नावावर पडतं. शहराने इतकं पाणी प्यालं असतं तर आपण बुडालो असतो.

समांतर जलवाहिनी याच्यासाठीच हवी होती. ती रोजच्या ११ कोटी लिटरची होती, मग १७ कोटींची झाली, ठेकेदार बदलला, वर्षं गेली. तेवढ्यात सोलापूरजवळच्या फताटेवाडीच्या वीज प्रकल्पाची उजनीहून स्वतंत्र पाइपलाइन झाली आणि प्रकल्प सुरूही झाला. विजेला माझा विरोध नाही, घरी मोटर त्यावरच चालते. पण धरणापासून सोलापूरपर्यंत पाइप टाकणं अशक्य नव्हतं, हे तरी त्यातून कळलं. आणि मोठा पाइप आला म्हणजे झालं असंही नाही. शुद्धीकरण, टाक्या, गल्लीतल्या जुन्या गंजलेल्या वाहिन्या, हे सगळं मागून यायला लागतं. नाहीतर पाणी पाकणीच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत रोज येईल आणि तुमच्या-माझ्याकडे पूर्वीसारखंच.

ऊस हा विषय काढला की माणसं बिथरतात, पण काढते. एका हेक्टर उसाला पाटाने पाणी दिलं तर पीक निघेपर्यंत दोन कोटी लिटरच्या आसपास लागतं. म्हणजे अख्ख्या सोलापूरचं एका दिवसाचं पाणी बरोबर साडेआठ हेक्टर उसाचं. एकवीस एकर. जिल्ह्यात साखर कारखाने तीसहून जास्त. माझे धाकटे दीर मोहोळ तालुक्यात ऊस लावतात. त्यांना हा हिशेब ऐकवला तर शांतपणे म्हणाले, "वहिनी, ज्वारीला उसासारखी दराची हमी द्या, उद्या ऊस मोडतो." त्यांचं चुकत नाही. ठिबकचा खर्च, कर्ज, कारखान्याची नोंद, सगळी व्यवस्थाच ऊस लावा म्हणते आणि मग दुष्काळात त्यांच्याकडे बोट दाखवते. त्यामुळे 'शेतकरी पाणी चोरतो' ही शहरी पोपटपंची मला मान्य नाही. पण पाणी कुठे जातं हे माहीत असूनही, पिण्याच्या पाण्याची टंचाई म्हणजे निसर्गाचा कोप, असं सांगणंही मान्य नाही.

आता कंपनी आणा. ती काय करेल? पाऊस पाडणार नाही. उजनीच्या आवर्तनाचा निर्णय तिच्या हातात नाही, तो कालवा सल्लागार समितीत होतो, मंत्र्यांच्या समोर. तिला तेच पाणी मिळेल, त्याच वाहिन्या मिळतील. ती मीटर मात्र नक्की बसवेल. मीटरला माझा तत्त्वतः विरोध नाही, गळती मोजायची तर मीटर हवेतच. पण मीटर आधी आणि पाणी मागून, असं झालं तर काय होतं ते शेजारी विचारा.

लातूरने २००८ मध्ये पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे दिला. मीटर आणि दरावरून लोक रस्त्यावर आले, योजना बारगळली. २०१६ च्या एप्रिलमध्ये त्याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. ती 'जलदूत' आपल्याच जिल्ह्यातून, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत गेली. औरंगाबादने, आताच्या छत्रपती संभाजीनगरने, २०१४ मध्ये कंपनी आणली आणि २०१६ मध्ये करार रद्द केला. कंपनी गेल्यावर पाणी रोज आलं का? तेही नाही. त्यामुळे 'कंपनी हटाव' एवढंच ओरडणाऱ्यांच्या मागेही मी जाणार नाही.

कुणीतरी इंग्लंडचं उदाहरण देतंच, म्हणून तेही सांगून टाकते. तिथे १९८९ मध्ये सरकारने पाणी कंपन्या विकल्या. १९९५ ला यॉर्कशायरमध्ये पाऊस कमी पडला तर तिथल्या खासगी कंपनीला शेकडो टँकर लावून रात्रंदिवस पाणी वाहावं लागलं. आपल्याकडच्या मानाने तिथे ढग कायमचे मुक्कामाला असतात, तरीही. जमिनीखाली पाइप गळत होते आणि भागधारकांना लाभांश मिळत होता, हे कळल्यावर तिथले लोक जे भडकले ते अजून शांत झालेले नाहीत.

मला भीती वाटते ती दराची नाही. राग कुठे काढायचा याची आहे.

२०१३ आठवतंय? त्या दुष्काळात मोहोळचा एक शेतकरी उजनीत पाणी सोडा म्हणून मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसला होता. त्याच्यावरून तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी इंदापूर तालुक्यातल्या सभेत जे उद्गार काढले, ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. पण त्याचं पुढे काय झालं? माफी मागावी लागली. कराडला प्रीतिसंगमावर, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी जाऊन दिवसभर आत्मक्लेश करावा लागला. पाणी लगेच धो-धो आलं असं नव्हे. पण एका उपाशी शेतकऱ्यासाठी सत्तेतल्या माणसाला समाधीसमोर बसावं लागलं, कारण त्याला पुन्हा मतं मागायची होती. कंपनीच्या कुठल्या साहेबाला तुम्ही प्रीतिसंगमावर बसवणार? टोल फ्री नंबरला आत्मक्लेश होत नाही.

आणि इथेच आपण कमी पडतोय. घागर मोर्चा निघतो तेव्हा बघा कोण असतं. पूर्व भागातल्या, झोपडपट्टीतल्या, हद्दवाढीतल्या रिकाम्या घागरी घेतलेल्या बायका. बोअर मारलेल्या सोसायटीतलं कुणी नसतं. का असेल? त्यांचा प्रश्न सुटलाय. ज्यांचा शब्द ऑफिसात ऐकला जातो, ज्यांना अर्ज कसा लिहायचा ते कळतं, ज्यांचा भाऊ इंजिनीयर आणि साडू वकील आहे, ती माणसं एकेक करून बोअरच्या पाण्याकडे निघून गेली. मीही त्यातलीच. उरलेल्यांचा आवाज गोंगाट म्हणून मोजला जातो. आपापल्या घरात मोटर, आपापल्या घरात चिडचिड. पाण्यावरून मी माझ्या नवऱ्यावर जेवढी ओरडले असेन, त्याचा दहावा हिस्सा जरी योग्य ठिकाणी ओरडले असते तरी काहीतरी हललं असतं. पण हा बोअरवाला सुटकेचा मार्गही कायमचा नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या रस्त्यावरच्या कितीतरी बोअर आटल्या आणि मग सगळे एकाच टँकरवाल्याच्या मागे. तेव्हा टँकरवाला म्हणेल तो दर.

मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासकांचा कारभार. ओरडायचं तर कुणाच्या दारात? आता जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली, बहुतेक प्रभागांत चार-चार जण निवडून आलेत. प्रचारात प्रत्येकाने रोज पाणी देऊ म्हटलंय. मी रोज पाणी मागत नाहीये. मी फळा मागतेय. प्रत्येक पाण्याच्या टाकीखाली एक फळा: काल टाकीत किती पाणी आलं, कुठल्या भागाला किती वाजता सोडलं, किती वेळ, पुढची पाळी कधी. खडूने लिहिलं तरी चालेल. आणि शहराच्या नावाने नदीत पाणी सोडतात तेव्हा उजनीतून किती निघालं आणि औजला किती पोचलं, हे दोन आकडे. एवढं समोर आलं की कंपनी हवी की नको यावर नीट भांडता येईल. आत्ता भांडतोय ते अंधारात.

पत्र लिहून तयार आहे. चौघांनाही देणार आहे, पक्ष बघणार नाही. मला सह्या हव्यात त्या बोअर असलेल्या घरांच्या. घागरवाल्या बायकांनी पुष्कळ सह्या करून झाल्यात. या आठवड्यात संध्याकाळी कधीही घरी या, चहा मिळेल. फक्त मंगळवारी नको, त्या दिवशी आमच्याकडे पाणी आहे.