त्या कवितेत उमेदवार बोलतच नाही

यू. ए. फॅन्थॉर्प या इंग्रज कवयित्रीची ‘यू विल बी हिअरिंग फ्रॉम अस शॉर्टली’ ही कविता म्हणजे नोकरीच्या मुलाखतीतला संवाद आहे आणि शेवटी उमेदवार आपला कमीपणा कबूल करतो, असं सध्या सांगितलं जातंय. ते चूक आहे. कवितेत बोलतात ते फक्त मुलाखत घेणारे. मध्येच सुटे येणारे ‘अच्छा’, ‘बरोबर’ अशा अर्थाचे उद्गारही त्यांचेच. उमेदवाराची उत्तरं गाळलेली आहेत. वय, रूप, बोलण्याची ढब, पत्ता करत करत प्रश्न थेट जन्मावर घसरतो, तोही ‘आम्ही’ म्हणत, अगदी अदबीनं! उमेदवारालाही हे पटलंय, ही शेवटची सहमती मुलाखत घेणाऱ्यांनीच परस्पर जाहीर केलेली.