व्हील जड केले म्हणजे गाडी खरी होत नाही

लातूरला राहणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या आठवड्यात सिम रेसिंगच्या, म्हणजे संगणकावर खऱ्यासारख्या खेळायच्या कार शर्यतींच्या, स्टिअरिंग व्हीलविषयीचा एक फिरता संदेश मला पाठवला आणि खाली विचारले, "मामा, हे लावून बघू का?" संदेशात चार गोष्टी ठासून सांगितल्या होत्या: फोर्स फीडबॅकचा (मोटर व्हीलमधून हाताला देते त्या जोराचा) गेन, म्हणजे प्रमाण, 100 वर ठेवा, कारण व्हील जितके जड तितके खरे, कर्ब (ट्रॅकची उंच कड), रस्ता आणि स्लिप (टायरचे घसरणे) हे परिणामही 100 वर न्या, व्हील मध्याकडे ओढणारी सेंटरिंग स्प्रिंग चालू करा, आणि डायरेक्ट ड्राइव्ह (गिअरशिवाय थेट मोटरवर बसवलेले) व्हील असेल तर तेही पूर्ण ताकदीवर, मुठी आवळून चालवा. परभणीच्या दोन मित्रांकडूनही हेच आले, तेव्हा उत्तर लिहिणे भाग पडले.

पहिला दावा सर्वांत चुकीचा आहे. प्रत्येक मोटरच्या जोराला मर्यादा असते. भाच्याकडच्या लॉजिटेक जी29 या व्हीलमध्ये ती सुमारे 2 न्यूटन-मीटर (फिरवण्याचा जोर मोजायचे एकक) आहे. गेमने त्याहून जास्त जोर मागितला की मोटर कमाल जोरावरच अडकून राहते आणि यालाच क्लिपिंग म्हणतात. ही मर्यादा 100 समजा आणि वळणावर गेम 130 मागतो आहे असे धरा. पुढच्या टायरची पकड सुटू लागून मागणी 110 वर उतरली, तरी हाताला 100च लागणार. खऱ्या गाडीत पकड पूर्ण सुटण्याच्या किंचित आधीच स्टिअरिंग हलके पडू लागते, आणि पावसानंतर काळ्या रानातून ट्रॅक्टर काढणाऱ्याला पुढची चाके घसरताना होणारे हे हलकेपण कोणी शिकवावे लागत नाही. नेमकी हीच सूचना पुसून टाकायची आणि त्याला खरेपणा म्हणायचे, हे मला सहन होत नाही.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. असेटो कोर्सा या शर्यतीच्या गेममध्ये पेडल्सचे ॲप उघडा. त्यात क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या शेजारी फोर्स फीडबॅकची राखाडी पट्टी असते आणि क्लिपिंग होताच ती लाल होते. वेगाच्या लांब वळणात ती सतत लाल राहत असेल तर नमपॅडवरील वजा चिन्हाने त्या गाडीचा गेन उतरवा. कर्बवर क्षणभर लाल झाली तर चालेल.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. जी29सारख्या गिअरच्या व्हीलमध्ये गेन फारच कमी ठेवला तर बारीक जोर गिअरमध्येच जिरतात आणि मध्यभागी व्हील मेल्यासारखे वाटते. मात्र त्यासाठी मिनिमम फोर्स, म्हणजे मोटरचा किमान जोर, थोडा वाढवायचा असतो, सगळे आकडे 100 वर न्यायचे नसतात.

कर्ब, रस्ता आणि स्लिप हे वरून मिसळलेले परिणाम आहेत आणि ते मोटरची उरलीसुरली जागा खातात, म्हणून ते कमीच ठेवावेत. सेंटरिंग स्प्रिंग टायरचे काहीही चाललेले असो, व्हील मध्याकडेच ओढते; ती बंद ठेवावी.

शेवटचा सल्ला तर धोक्याचा आहे. फॅनाटेक सीएसएल डीडी हे डायरेक्ट ड्राइव्ह व्हील बूस्ट किटसह (जास्त ताकदीच्या वीजपुरवठ्यासह) 8 न्यूटन-मीटर देते, म्हणजे जी29च्या जवळपास चौपट. गेममधली गाडी भिंतीवर आदळली की असे व्हील हातातून हिसका मारून फिरते, आणि अंगठे आऱ्यांत अडकलेले असतील तर ते मुरगळतात. भाच्याला दिवाळीत डायरेक्ट ड्राइव्ह घ्यायचे आहे. त्याला मी अंगठे कडेवर मोकळे ठेवायला, निम्म्याहून कमी जोरावर सुरुवात करायला आणि बंद करण्याचे बटण हाताशी बसवायला सांगितले आहे.