हिरवा बटाटा ‘गावठी’ नसतो, आत्या!

चतुर्थीला आत्याकडे गेलो तर ओट्यावर टोपलीभर हिरवट बटाटे. भाजीवाला जे बाजूला काढून ठेवतो, तेच हिने निवडून आणलेले. कारण सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज: ‘बाजारातला चकचकीत बटाटा जीएम (जीन बदलून केलेला) आहे. त्यात जनावराचा जीन आहे, उपवासाला चालत नाही. तो खाऊन उंदरांना कॅन्सर झाला. त्याच्या परागांनी शेजारची शेतं नासतात. हिरवट बटाटा घ्या, तो गावठी!’ खाली अंगभर गाठी आलेल्या उंदराचा फोटो आणि ‘दहा जणांना पाठवा’. आत्याने पंधरा जणांना पाठवला होता.

आधी हिरव्याचं, कारण ते पोटात जाणार आहे. बटाटा उजेडात पडून राहिला की साल हिरवी होते. तो रंग क्लोरोफिलचा, निरुपद्रवी. पण त्याच उजेडाने सोलानिन वाढतं आणि ते विष आहे: उलट्या, जुलाब, पोटात कळा. उकडून ते फारसं जात नाही. गावठी असो, संकरित असो की जीएम, कुठलाही बटाटा उजेडात ठेवा, हेच होणार. आणि ‘जुन्या पद्धतीचं ते निर्धोक’ म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकेत १९६७ मध्ये लेनापे नावाचं वाण आलं, चिप्ससाठी झकास. रानबटाट्याशी साधा संकर करून काढलेलं; जीएमचा तेव्हा पत्ताही नव्हता. त्यात हीच विषद्रव्यं इतकी निघाली की १९७० मध्ये ते मागे घ्यावं लागलं.

फोटोतल्या उंदराने तर बटाटा खाल्लेलाच नाही. तो जीएम मका खाणारा, सेरालिनी या संशोधकाच्या २०१२ च्या प्रयोगातला. ज्या नियतकालिकाने तो शोधनिबंध छापला, त्यानेच पुढच्या वर्षी मागे घेतला. बटाट्याचं प्रकरण वेगळं: १९९८, स्कॉटलंड, उंदरांना जीएम बटाटा खाऊ घालणारे शास्त्रज्ञ आर्पाद पुस्ताई. त्यांनीही कॅन्सर म्हटलं नव्हतं. उंदरांची वाढ खुंटली, प्रतिकारशक्ती घटली, असं म्हटलं होतं. रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या विज्ञानसंस्थेने प्रयोगाची आखणीच सदोष ठरवली. पुस्ताईंचं तोंड बंद केलं गेलं ते वाईटच झालं, पण तो बटाटा कधी विक्रीला आलाच नाही.

आता जनावराचा जीन. भारतात गाजलेला जीएम बटाटा दिल्लीत आशिष दत्ता यांच्या गटाने केला, प्रथिनं वाढवण्यासाठी. त्यात जीन कशाचा? राजगिऱ्याचा! उपवासाच्या बटाट्यात उपवासाचाच राजगिरा. तोही बाजारात आलेला नाही. आपल्याकडे रीतसर परवानगीने शेतकऱ्यांच्या रानात पोचलेलं जीएम पीक एकच, बोंडअळीला मारणारा बीटी कापूस, २००२ पासून. आत्याच्या भाजीवाल्याकडचा चकचकीत बटाटा नुसता धुतलेला होता.

पराग? बटाटा सहसा बियांनी लावत नाहीत, बेण्याच्या फोडी लावतात. शेजारून पराग उडत आला तरी फरक पडेल तो वर धरलेल्या फळांतल्या बियांत, मातीतल्या बटाट्यात नाही. पेरू देशात मात्र बटाट्याचे रानटी भाऊबंद शेताच्या बांधावर असतात. तिथे जीएम लागवडीला २०११ पासून स्थगिती आहे आणि ती मला पटते. जीएम पिकातल्या विषाची किडीला सवय होते हेही खरं, गुलाबी बोंडअळीने विदर्भाला ते दाखवलंय. मग एवढंच लिहायचं ना. उंदीर कशाला?

टोपली मी कचऱ्यात रिकामी केली. खिचडी बिनबटाट्याची झाली. आत्या आता त्या पंधरा जणांना एकेक करून फोन लावते आहे. नवव्या नंबरावर पोचली आहे आणि तो माणूस तिलाच समजावतो आहे.