खुलासा: पाळी जाताना योग करावा, पण गोळ्या आपल्या मनाने सोडू नयेत

‘२१ दिवस योग करा, हार्मोन्स पूर्ववत होतील, गोळ्या फेकून द्या’ असा मेसेज सध्या फिरतो आहे. त्यातला अर्धा भाग चुकीचा आहे आणि तोच धोक्याचा आहे.

रजोनिवृत्तीत बीजकोशांतून येणारं इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटतं. कोणतंही आसन ते पुन्हा वाढवत नाही. अंगातून उसळणाऱ्या गरम वाफांवरही योगाचा भरवसा देता येत नाही. अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटी या रजोनिवृत्तीविषयक तज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ साली या त्रासासाठी योगाची शिफारस केली नाही, बोधात्मक वर्तन उपचाराची (सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत) मात्र केली.

मग योग कशाला? मनासाठी! चिडचिड, धास्ती, थकवा यांत अनेकींना त्याने खरंच उतार पडतो. रात्री तीनला घामाने जाग आली, छाती धडधडतेय, अशा वेळी चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. लांबलेल्या उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते. हाडं ठिसूळ झाली असतील तर पुढे खोल वाकणं टाळा.

आणि ‘गोळ्या फेकून द्या’चं काय? नैराश्याच्या गोळ्या घेत असाल आणि त्या एकाएकी बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता येते, आजार उलटूही शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय, कृपा करून, एकही गोळी थांबवू नका.