सगळी ग्रॅच्युइटी शेअरमध्ये? जरा थांबा!

आमच्या पाचपाखाडीत सध्या रिटायर झालेल्या प्रत्येकाला एकच सल्ला मिळतोय: एफडी मोडा, सगळं शेअरवाल्या म्युच्युअल फंडात टाका, नाहीतर महागाई खाऊन टाकेल.

भीती खरी आहे. 7 टक्क्यांची एफडी 30 टक्क्यांच्या टॅक्स स्लॅबमध्ये कर जाऊन पाचच्याही आत येते आणि रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्यच 4 टक्के. मेडिक्लेमचा प्रीमियम तर ते लक्ष्य वाचून वाढत नाही. उलट सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या 30 मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक (इंडेक्स), 1979 ला 100 होता, 2024 मध्ये 80,000 पार झाला. लाभांश वेगळाच.

पण हाच सेन्सेक्स एप्रिल 1992 मध्ये, हर्षद मेहताच्या तेजीत, 4,400 च्या वर होता. एप्रिल 2003 मध्ये 3,000 च्या आसपास. मधल्या अकरा वर्षांत घरखर्च जवळपास दुप्पट झाला. तेव्हा अठ्ठावन्नाव्या वर्षी पीएफचे पैसे टाकलेला माणूस एकोणसत्तरचा झाला, आणि दर महिन्याला युनिट विकून किराणा भरत असेल तर पुढची तेजी येईपर्यंत त्याच्याकडे उरलं काय?

मुळात महागाई भडकते तेव्हा शेअरही बऱ्याचदा मार खातात. व्याजदर चढतात, कच्चा माल महागतो, त्याच नफ्याला बाजार कमी भाव देतो. कंपन्या दर वाढवून सावरतात, पण सगळ्या नाही आणि लगेच तर नाहीच. आणि पडण्याचं कारण काहीही असो, सावरायला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही: जपानच्या निक्केई निर्देशांकाला 1989 चा उच्चांक पुन्हा गाठायला 2024 उजाडलं.

शिवाय ‘शेअर’ म्हणजे सेन्सेक्स नव्हे. पद्मिनी गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स एकेकाळी सेन्सेक्समध्ये होती. इंडेक्स अशा मागे पडलेल्यांना काढून नवीन घेतो. आपल्या डीमॅटमधून कोण काढणार? (टिप देणारा तर नाहीच.)

माझं मत विचाराल तर रिटायर माणसाने सहा-सात वर्षांचा खर्च, पेन्शन येत असेल तर ती वजा करून, सरकारची सीनियर सिटीझन बचत स्कीम आणि एफडीत ठेवावा. व्याज कमी वाटलं तरी चालेल. उरलेलं साध्या इंडेक्स फंडात (इंडेक्समधल्याच कंपन्या घेणारा फंड), तेही टप्प्याटप्प्याने.

शेजारच्या काकांना हेच सांगितलं. म्हणाले, “मुलगा तर सगळं टाका म्हणतोय.” मुलगा ऐरोलीला आयटीत आहे, पस्तिशीचा, दर महिन्याला पगार येतो. त्याने स्वतःची एसआयपी, म्हणजे फंडातली दरमहा ठराविक गुंतवणूक, बिनधास्त चालू ठेवावी, बाजार पडला तर जास्तच.