साडेचारशे घोडे आणि बासमतीचं पोतं

"स्टेपनी कुठाय?"

नवी गाडी दाखवायला मी सासऱ्यांना गॅरेजमध्ये नेलं होतं. बॉनेट उघडून आठ सिलिंडर दाखवले. इंजिन सुरू करून तो पोटातून येणारा गुरगुराट ऐकवला. मागच्या फळीवरचे स्क्रू ठेवलेले डबे त्या आवाजाने वाजायला लागले. आण्णांनी यातल्या कशावरही मत दिलं नाही. ते मागे गेले, डिकी उघडायला लावली, तळाचा गालिचा उचकटला आणि आतला प्लास्टिकचा डबा बघत उभे राहिले.

"स्टेपनी नसते आण्णा यात. बाटली असते. पंक्चर झालं की आतलं औषध टायरमध्ये सोडायचं आणि या पंपाने हवा भरायची."

"आन् टायर फाटला तर?"

"तर फोन करायचा."

आण्णांनी हळूच डिकी लावली. "असू द्या. चालायचंच."

आण्णा वाई आगारात ३१ वर्षं एसटी चालवत होते. पसरणीचा घाट त्यांनी धुक्यात, पावसात आणि एकदा वायपर तुटलेला असताना चढवलाय. त्यांच्या लेखी ज्या गाडीला स्टेपनी नाही ती गाडी नव्हे, शोकेसमधली वस्तू. आम्ही राहतो मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या वायव्येला, नोव्हाय नावाच्या गावात. विमानतळावरून घरी येताना त्यांनी पाटी वाचली आणि गावाच्या नावाची फोड करून टाकली होती : "नो वाय. म्हंजे वाई न्हाय." पुढचे सहा महिने त्यांचं अमेरिकेबद्दलचं मत साधारण हेच राहिलं.

गाडी मी का घेतली हे सांगायला हवं. डेट्रॉइटच्या भागात वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. साठच्या दशकात तिथली पोरं एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत गाड्यांच्या शर्यती लावायची. १९९५पासून तिथे दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांची वारी निघते. माणसं रस्त्याकडेला खुर्च्या टाकून, बर्फाच्या पेटीत सरबतं भरून दिवसभर नुसती गाड्या बघत बसतात. मीही बसलो. गेली पंधरा वर्षं बसत होतो. गेल्या वर्षी उठलो आणि सोमवारी जाऊन एक सेकंडहँड मसल कार, म्हणजे साध्या अंगात दांडगं इंजिन घातलेली अमेरिकन गाडी, घेतली. साडेचारशेच्या वर अश्वशक्ती, मागच्या चाकांना ताकद, हाताचा गियर. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात गाडीची काही चूक नव्हती, असं बायकोचं ठाम म्हणणं आहे.

या वेडाचं मूळ बहुतेक जण १९६४च्या पाँटिअ‍ॅक जीटीओपर्यंत नेतात. तिची जन्मकथा मला फार आवडते, कारण ती आमच्या पुण्याच्या हाउसिंग सोसायटीत घडल्यासारखी आहे. पाँटिअ‍ॅकची मालक कंपनी जनरल मोटर्स. तिचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटिअ‍ॅकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि मंडळींनी ३८९ घनइंचांचं, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचं इंजिन टेम्पेस्ट गाडीच्या जादा सोयींच्या यादीत घालून टाकलं. नवं मॉडेल काढलंच नाही, तर नियम मोडला कुठे? बाल्कनी बंद करून खोली काढणारे लोक मला एकदम ओळखीचे वाटले. टायर मात्र तेव्हा जेमतेम साडेसात इंच रुंदीचे. त्यामुळे सिग्नल सुटला की धूर भरपूर निघायचा, गाडी त्या मानाने कमी निघायची.

पुढे इंजिनं वाढत गेली तसे टायरही रुंद होत गेले. २०१५च्या डॉज चॅलेंजर हेलकॅटला दोन रंगांच्या किल्ल्या : काळी लावली तर ५०० अश्वशक्ती, लाल लावली तर सगळीच्या सगळी ७०७. लाल किल्ली घरात कोण कुठे लपवत असेल याचा मी बराच विचार केलाय. त्याच चॅलेंजरच्या २०१८च्या डीमन अवताराची तर गंमतच. शर्यतीचं पेट्रोल घातलं तर ८४० अश्वशक्ती, चारही चाकांना ३१५ मिलिमीटर रुंद, ड्रॅग म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीचे टायर, आणि वजन कमी करायला चालकाशेजारची सीटच काढून टाकलेली. सीट हवी असेल तर एक डॉलर जादा. हे मी कौतुकाने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुझा एक डॉलर वाया गेला असता."

तर टायर. माझ्या मागच्या टायरवर लिहिलं होतं २७५/४० आर १९. यात २७५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे टायरची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. १९ हा रिमचा व्यास, इंचांत. एका ओळीत तीन वेगवेगळी मापं. पुढे १०१ वाय. १०१ म्हणजे हा एक टायर ८२५ किलो पेलणार आणि वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंत टिकणार. आमच्या गल्लीत ताशी ४०ची मर्यादा आहे. त्याखाली आणखी बारीक अक्षरांत प्रतवारी होती : पकड 'एए', तापमान 'ए'. शाळेत मला कधी 'ए' मिळाला नाही, तो माझ्या टायरला मिळालेला बघून ऊर भरून आला. तापमानात 'ए' म्हणजे थंडीचा प्रश्नच मिटला, असं मी मनाशी म्हटलं. ती श्रेणी टायर तापण्याबद्दल असते, गारठण्याबद्दल नव्हे. पकडीची श्रेणीही ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबून काढतात, बर्फाशी तिचा काही संबंध नाही. हे मला तीन महिन्यांनी, गुडघे बर्फात टेकलेले असताना, फोनवर वाचायला मिळालं.

पहिली सूचना दसऱ्यालाच आली होती. आण्णांनी सकाळी सातला गाडी पुसून घेतली, हळदकुंकू वाहिलं, इंडियन स्टोअरमधून आणलेली झेंडूची माळ लावली आणि चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. बाहेर चारेक अंश असतील. मी क्लच सोडला. पुढची दोन लिंबं शास्त्रोक्त चिरडली. मागचं डावं चाक मात्र जागच्या जागी गर्रकन फिरलं आणि ते लिंबू गोळीसारखं जाऊन समोरच्या शेजाऱ्याच्या गॅरेजच्या दारावर फुटलं. उजवं लिंबू चाकाखालीच होतं, फक्त त्याची साल निघाली होती. आण्णा खाली वाकले, टायरवर अंगठा दाबला आणि म्हणाले, "पाव्हणं, रबर कडक झालंय ह्याचं."

मी म्हटलं, "परफॉर्मन्स टायर आहे, आण्णा."

नोव्हेंबरमध्ये एका मंगळवारी पहाटे बर्फ पडला. फार नाही, दीड इंच. मिशिगनमध्ये याला कोणी बर्फ म्हणतही नाही. मी रुबाबात गाडी बाहेर काढली. पडद्यावर टायरची हवा कमी असल्याचा दिवा पेटला होता. हवा थंड झाली की दाब उतरतो, दर दहा अंश फॅरनहाइटला साधारण एक पीएसआय (पंपावर हवा मोजतात ते माप). त्याकडे दुर्लक्ष केलं. आमचा ड्राइव्ह-वे रस्त्याकडे उतरता आहे. मागे घेतलेली गाडी उतरली, उतरतच राहिली, ब्रेक दाबल्यावरही अगदी सभ्यपणे उतरत राहिली आणि रस्ता ओलांडून समोरच्या शेजाऱ्याच्या टपालपेटीपासून वीतभर अंतरावर थांबली.

मग पुढे घ्यायला गेलो. इंजिन गरजलं, मागचं बूड डावीकडे सरकलं आणि टपालपेटी वीतभरावरून चार बोटांवर आली. टपालपेटीची मुद्दाम मोडतोड हा अमेरिकेत केंद्र सरकारचा गुन्हा आहे. मुद्दाम केलं नाही हे साडेचारशे घोडेवाल्या माणसाचं म्हणणं कोण ऐकणार? गाडीत बर्फासाठी वेगळं बटण होतं. ते दाबलं. पडद्यावर बर्फाचं सुंदर फूल उमटलं. म्हणजे बर्फ पडलाय हे गाडीलाही कळलं.

तेवढ्यात बायको तिची सात सीटची मिनीव्हॅन घेऊन निघाली. पुढच्या चाकांची ताकद, बारमाही टायर, मागे लेक, तिचं व्हायोलिन आणि डोसापीठाची बादली. व्हॅन उतारावरून सरळ उतरली, माझ्याजवळून वळली आणि काच खाली झाली.

"येताना काही आणायचंय?"

मी नाही म्हटलं.

आण्णा शाल, कानटोपी आणि माझे बूट घालून खाली आले. सगळीकडून फिरून बघितलं. "पोतं आणा," म्हणाले. चिखलात रुतलेली एसटी काढायचा हा जुना उपाय. अमेरिकेत पोतं कुठून आणू? मग आठवलं. स्वयंपाकघरात बासमती तांदळाची २० पौंडाची तागाची पिशवी होती, चेन आणि कडी असलेली. वर्षानुवर्षं प्रत्येक मराठी घरात या रिकाम्या पिशव्या 'कधीतरी उपयोगी पडतील' म्हणून ठेवतात. तो दिवस आला होता. आण्णांनी पिशवी दुमडून मागच्या चाकापुढे सारली. मी ॲक्सिलरेटर दाबला. पिशवी एका बाजूने आत गेली, दुसऱ्या बाजूने सुटली आणि शेजाऱ्याच्या अंगणातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणासाठी उभ्या केलेल्या, हवा भरलेल्या टर्की पक्ष्याच्या गळ्यात जाऊन अडकली.

शेजारी बाहेर आला. सत्तरी ओलांडलेला, उभी हयात मोटारींच्या कारखान्यात गेलेला. त्याच्याकडेही एक जुनी मसल कार आहे, पण ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पांघरूण घेऊन झोपते ती मेपर्यंत. "उन्हाळी टायर," तो माझ्या चाकांकडे बघत म्हणाला. "मला वाटलं, तुला माहीत असेल." मग आत जाऊन त्याच्या मांजराच्या शौचासाठीची वाळू घेऊन आला. पकडीला उत्तम असते म्हणे. न वापरलेली आहे, हे त्याने दोनदा सांगितलं.

आता मुख्य प्रयोग. आण्णा म्हणाले, "उतरा तुम्ही. मागनं ढकला." अमेरिकेचं लायसन्स त्यांच्याकडे नव्हतं, पण अंतर चाळीस पावलांचं होतं आणि माझ्या बाजूने बोलायला काही उरलं नव्हतं. ते डावीकडच्या सीटवर बसले, सवयीने डावा हात गियरकडे नेला आणि तो दारावर आपटला. स्वतःशीच हसले. मग उजव्या हाताने चाचपून सेकंड टाकला. फर्स्ट नव्हे. शेजारी आणि मी मागे वाकलो. पहिल्या झटक्याला चाकाने मूठभर वाळू उचलून थेट माझ्या तोंडावर मारली. चव काहीच नव्हती, एवढं नमूद करतो. त्यानंतर मात्र इंजिनचा आवाज असा खाली आला की आहे की नाही कळेना. आण्णा क्लच केसाकेसाने सोडत होते. गाडी एक वीत सरकली, थांबली, पुन्हा सरकली, टर्कीच्या गळ्यातून परत आणलेल्या पिशवीवर चढली आणि तशीच गॅरेजपर्यंत गेली.

आण्णा उतरले, किल्ली माझ्या हातात दिली. "घोड्यांना कळू द्यायचं न्हाय," म्हणाले. "कळलं की बिथरत्यात."

संध्याकाळी त्यांनी मला शास्त्र समजावलं, तेही माझ्याच भाषेत नको म्हणून त्यांच्या भाषेत. वाईहून आणलेली खोबरेल तेलाची निळी बाटली त्यांनी माझ्यापुढे उलटी धरली. तेल पांढरं, घट्ट, जागचं हललं नाही. "हे आन् तुमचा टायर, सारखंच." खरंच तसं आहे. उन्हाळी टायरचं रबर साधारण सात अंश सेल्सियसच्या खाली कडक व्हायला लागतं, आणि उणे सातच्या आसपास तर गाडी हलवली तरी त्याला तडे जाऊ शकतात. एवढी ताकद इंजिनातून निघते, पण रस्त्याला टेकतं ते प्रत्येक चाकाचं तळहाताएवढं रबर. ते थिजलं की गाडी आणि शोकेसमधली वस्तू यांत फरक उरत नाही. पण हे आण्णांपुढे मी बोललो नाही.

पहिल्या बर्फानंतर टायरच्या दुकानात जी गर्दी होते ती बघून मला गणपतीआधीचं कोकणच्या गाड्यांचं आरक्षण आठवलं. नऊ दिवसांनंतरची वेळ मिळाली. माझ्या मापाचे हिवाळी टायर नव्हतेच, तेव्हा एक इंच लहान रिम आणि जाड काठाचे टायर घ्यावे लागले. बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाचं फूल काढलेलं. चार टायर, चार रिम, बसवणावळ धरून सोळाशे डॉलर गेले. वेगाची मर्यादा ३०० वरून १९० किलोमीटरवर आली. गाडी सूट घालून वर गमबूट चढवल्यासारखी दिसते. आण्णांना मात्र ती तेव्हा पहिल्यांदा आवडली. "आता जरा एसटीवाणी वाटती," म्हणाले.

काढलेले उन्हाळी टायर थंडीत बाहेर ठेवता येत नाहीत, म्हणून ते तळघरात एकावर एक रचले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकोने त्यावर काचेची फळी आणि जुनी पैठणी टाकून तिळगुळाचं ताट मांडलं. तीन बायकांनी टेबल कुठून घेतलं ते विचारलं. एकीच्या नवऱ्याने मात्र पैठणीचा काठ उचलून आकडे वाचले, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्याकडेही आहे एक, मग कळलं.

आण्णा डिसेंबरमध्येच परत गेले होते. जाताना खोबरेलाची बाटली गॅरेजच्या खिडकीत ठेवून गेले. "ही पातळ झाली की टायर बदला. त्याआधी न्हाय." आता एप्रिलचा शेवट आलाय. समोरच्या शेजाऱ्याने पांघरुणाचा एक कोपरा उचलून बघितला. काल दुपारी ऊन छान होतं, दहा-बारा अंश तर नक्कीच. बायको म्हणाली, "सातच्या वर गेलंय की, बदल आता." मी गॅरेजमध्ये गेलो आणि बाटली उलटी केली.

ढिम्म.